तापली की शहाणी

बसा सगळे ओट्यावर आणि पाय गोधडीत घ्या. आज गोष्ट आहे गुरुजींच्या मोटारीची. बिबट्या मधे एकदा डोकावून जाईल, पण मुख्य काम मोटारीचं.

गुरुजींच्या गाडीला मागच्या हिवाळ्यात एक खोड लागली. रात्रभर दारात उभी असलेली गाडी सकाळी सेल्फ मारला की चालू व्हायची, पण धड चालायची नाही. इंजिन वर-खाली व्हायचं, मधेच एखादा ठोका गाळायचं आणि सगळी गाडी थरथरायची. मिस्त्री लोक याला 'मिसिंग' म्हणतात. रेसवरचा पाय उचलला की इंजिन बंद. पुन्हा सेल्फ, पुन्हा थरथर. पाच-सात मिनिटं अशी गेली की गाडी आपोआप लाइनीवर यायची आणि मग दिवसभर तिची काही तक्रार नसायची.

गुरुजी गाडी घेऊन ओतूरहून आळेफाट्याला जायचे. तिथला मिस्त्री बोनेट उघडायचा, कान लावायचा आणि म्हणायचा, "गुरुजी, हिला काय झालंय? घड्याळासारखी चाललीये की!" तरी गुरुजींच्या समाधानासाठी त्यानं प्लग बदलले, एअर फिल्टर बदलला, पेट्रोलची टाकी धुतली. बिल वाढलं, खोड गेली नाही.

आता यात खोटं कोण? मिस्त्री खोटा नव्हता आणि गुरुजीही नव्हते. आळेफाटा येईपर्यंत इंजिन तापलेलं असायचं, आणि हा बिघाड तापलेल्या इंजिनात दिसायचाच नाही. ज्या पाच मिनिटांत तो दिसायचा, त्या पाच मिनिटांत मिस्त्री तिथं नसायचा.

माझंही एके काळी फाट्यावर गॅरेज होतं, हे तुम्हाला ठाऊक आहे. पुणे-नाशिक रस्ता आणि माळशेजवरून नगरला जाणारा रस्ता जिथं एकमेकांना छेदतात, तिथं गाड्यांची कमी नव्हती. म्हणून गुरुजी एका संध्याकाळी माझ्याकडे आले. मी म्हटलं, "गुरुजी, गाडी आज रात्री आमच्या अंगणात राहू द्या. किल्ली माझ्याकडे द्या. आणि उद्या सकाळी मी सांगेपर्यंत सेल्फला कुणी हात लावायचा नाही."

आमची दहावीतली थोरली नात आणि तिसरीतला धाकटा तिथंच घुटमळत होते. थोरलीनं विचारलं, "आबा, सकाळीच का? रात्रीसुद्धा थंडी असतेच की."

प्रश्न चांगला होता, म्हणून आधी तेच सांगतो. दिवसभर उन्हात तापलेली जमीन रात्री आपली उष्णता न दिसणाऱ्या किरणांतून आकाशाकडे सोडत असते. आकाशात ढग असले तर त्यातली बरीचशी परत खाली येते. पण आपल्याकडे मार्गशीर्ष-पौषात आभाळ निरभ्र आणि हवा कोरडी, त्यामुळे गेलेली उष्णता गेलीच. जमीन गार होते, तिला टेकलेली हवा गार होते, आणि गार हवा जड असते. ती हटकेश्वराच्या, शिवनेरीच्या उतारांवरून हळूहळू खाली सरकते आणि मांडवी, पुष्पावती, कुकडी, मीना यांच्या खोऱ्यांत साचून राहते. म्हणून डोंगराच्या धारेवर जितका गारठा नसतो, तितका नदीकाठच्या मळ्यात असतो. रात्रभर हा तोटा चालूच असतो. सूर्य वर आला तरी पहिली काही मिनिटं त्याचं तिरपं ऊन इतकं लेचंपेचं असतं की जमीन घेते त्यापेक्षा जास्तच सोडते. त्यामुळे दिवसातला सगळ्यात कमी पारा मध्यरात्री नसतो, तो सूर्योदयाच्या आसपास असतो. द्राक्षवाल्यांना हे पक्कं माहीत आहे. घड पाण्यावर आले असताना पारा फार उतरला तर मणी तडकतात, म्हणून ते पहाटे उठून बागेत शेकोट्या पेटवतात आणि ठिबक सोडतात.

आणि नेमक्या त्याच वेळी गुरुजी शाळेला निघायला सेल्फ मारतात.

आता दुसरी गोष्ट. धाकट्याला मी विचारलं, "पेट्रोल जळतं का रे?" तो म्हणाला, "भडकतं!" मी म्हटलं, "पेट्रोल जळत नाही. पेट्रोलची वाफ जळते." द्रव पेट्रोलात ठिणगी पूर्ण बुडाली तर ती विझेल, कारण तिथं हवाच नाही. वाफ आणि हवा एकमेकांत मिसळली पाहिजेत, तीही मापात. हवेत पेट्रोलची वाफ साधारण दीड टक्क्याहून कमी असली तर ज्योत पसरत नाही, आणि साडेसात टक्क्यांहून जास्त असली तरी नाही. इंजिनाला सगळ्यात मानवणारं माप वजनात सांगायचं तर 14.7 किलो हवेला 1 किलो पेट्रोल.

कपाटातली सॅनिटायझरची बाटली आणून मी दोघांच्या तळहातांवर थेंब टाकले आणि फुंकर मारायला सांगितली. "गार लागतंय!" धाकटा ओरडला. द्रवाची वाफ व्हायला उष्णता लागते, आणि ती तो जवळ जे असेल त्याच्याकडून घेतो. इथं हात होता, इंजिनात धातू असतो. तापलेल्या इंजिनाकडे द्यायला उष्णता भरपूर असते. पहाटेच्या इंजिनाकडे नसते. शिवाय पेट्रोल हा एकच पदार्थ नाही, शेकडो द्रवांचं ते मिश्रण आहे. त्यातले हलके 35 अंशांच्या आसपास उकळू लागतात, तर जड असतात त्यांना उकळायला 200 अंशांच्या घरात जावं लागतं. थंडीत हलक्यांची तेवढी वाफ होते. बाकीचे थेंब नळीच्या भिंतींना आणि सिलिंडरच्या गार पृष्ठभागाला चिकटून बसतात. म्हणजे आत पेट्रोल पुरेसं गेलं, तरी ठिणगी पडते त्या क्षणी जळण्याजोगी वाफ अपुरी असते. मग कधी ज्योत पेटते, कधी पेटत नाही, आणि जो ठोका पेटला नाही तो गाळला जातो. गाडी थरथरते ती त्यामुळे.

"मग जास्त पेट्रोल घालायचं," थोरली म्हणाली.

बरोबर. सगळ्या जगानं हाच उपाय केला. जुन्या गाड्यांत चोक होता. डॅशबोर्डवरची मूठ ओढली की कार्बोरेटरच्या तोंडावरची पट्टी हवेची वाट अडवायची. हवा कमी आणि पेट्रोल जास्त, म्हणजे मिश्रण दाट. इंजिन तापलं की मूठ आत ढकलायची. कोणी विसरला तर मागून काळा धूर आणि प्लगांवर काजळी. किती ओढायचा आणि कधी सोडायचा हे ड्रायव्हरच्या कानावर आणि अंदाजावर होतं.

आताच्या गाडीत मूठ नाही. तिथं एक छोटा संगणक बसवलेला असतो. किती पेट्रोल उडवायचं आणि उभ्या गाडीत इंजिन किती वेगानं फिरवायचं, हे तो ठरवतो. त्यासाठी त्याला इंजिन किती थंड आहे हे कळावं लागतं. इंजिनाभोवती खेळणाऱ्या पाण्यात, म्हणजे कूलंटमध्ये, एक सेन्सर बुडवलेला असतो. तो म्हणेल ते तापमान. हवेच्या वाटेवर दुसरा सेन्सर असतो, तो आत येणाऱ्या हवेचं तापमान सांगतो. हे दोघं लक्षात ठेवा.

त्या संध्याकाळी आणखी दोन संशयित तपासायचे होते. पहिला म्हणजे ठिणगी. गुरुजींच्या गाडीत कॉइलपासून प्लगपर्यंत जाड वायरी जातात, आणि त्यांतून हजारो व्होल्टचा दाब धावतो. मिश्रण जितकं थंड आणि घट्ट, तितका ठिणगी पडायला दाब जास्त लागतो. वायरीचं रबर कुठं चिरलेलं असेल आणि वर दव बसलं, तर वीज प्लगपर्यंत न जाता मधेच धातूवर उडी मारते. हे बघायला अंधार लागतो. अंगणातला दिवा बंद केला, इंजिन चालू केलं आणि फवारणीच्या बाटलीतून वायरींवर पाण्याचा बारीक तुषार सोडला. चिरलेली वायर असती तर निळे-जांभळे धागे नाचताना दिसले असते. पोरं टक लावून बसली होती. काळोखाशिवाय काही दिसलं नाही. वायरी निर्दोष सुटल्या.

"पण एक सांगतो," मी म्हटलं, "ही ठिणगी नुसती पेट्रोल पेटवून गप्प बसत नाही. ती रेडिओ लहरीही सोडते." जर्मनीत हाइनरिश हर्ट्झनं 1887च्या सुमारास रेडिओ लहरी पहिल्यांदा निर्माण केल्या, त्या ठिणगी पाडूनच. प्रत्येक पेट्रोल गाडीत हा प्रयोग सेकंदाला कितीतरी वेळा चालू असतो. आणि आपल्या नारायणगावाजवळ खोडदला काय आहे? 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेना! गोविंद स्वरूप यांच्या पुढाकारानं उभी राहिलेली जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण. ताऱ्यांमधून आणि दीर्घिकांमधून येणाऱ्या अतिशय क्षीण रेडिओ लहरी ती टिपते. ती या खोऱ्यात बांधण्याचं एक कारण म्हणजे इथं माणसांनी केलेला रेडिओ गोंगाट कमी होता आणि भोवतालच्या डोंगरांची आड होती. अशा दुर्बिणीजवळ मोटारीच्या ठिणग्या म्हणजे कटकटच. अमेरिकेत ग्रीन बँक नावाच्या ठिकाणी मोठी रेडिओ दुर्बीण आहे. तिच्याजवळ पेट्रोलच्या गाड्या नेत नाहीत, डिझेलच्या नेतात. डिझेल इंजिनात ठिणगी नसतेच. तिथं हवा इतकी दाबतात की ती तापून डिझेल स्वतःच पेटतं.

दुसरा संशयित म्हणजे चोरटी हवा. इंजिन उभ्या गाडीत फिरतं तेव्हा हवेची वाट जवळपास बंद असते आणि पिस्टन आतून ओढ घेत असतात. त्यामुळे आतल्या नळीतला दाब बाहेरच्या एक तृतीयांशाच्या आसपास उतरतो. तिथल्या एखाद्या रबरी पाइपला बारीक चीर पडली, तर तिच्यातून हवा आत घुसते. संगणकाच्या हिशोबात नसलेल्या या हवेनं मिश्रण पातळ होतं. रेस दिली की मुळातच पुष्कळ हवा जात असते, तेव्हा एवढ्याशा चोरीनं फरक पडत नाही. मी एकेक पाइप बोटांनी चिमटून बघितला. जोडांवर साबणाचं पाणी शिंपडलं आणि रबरी नळीचं एक टोक कानाला लावून दुसरं सगळीकडे फिरवलं. सुस्कारा कुठंच ऐकू आला नाही. पण इंजिन अजून गरम होतं, आणि थंडीत रबर आखडतं. म्हणून या संशयिताला मी सोडलं नाही, सकाळी पुन्हा हजर राहायला सांगितलं.

रात्री गाडीवर दव पडलं.

पहाटे निघायच्या आधी बिबट्या. आमच्या घरामागं ऊस आहे, आणि जुन्नर तालुक्यात ऊस म्हणजे कोण मुक्कामाला असेल याचा नेम नाही. माणिकडोहला पकडलेल्या बिबट्यांचं निवारा केंद्र आहे म्हणून सगळेच तिथं राहायला गेलेत, असं समजू नका. वनखातं सांगतं तसं करायचं: अंधारात एकट्यानं जायचं नाही, बॅटरी आणि काठी घ्यायची आणि मोठ्यानं बोलत जायचं. मी धाकट्याला पाढे म्हणायला सांगितलं. सतराच्या पाढ्यावर तो अडखळला तोवर आम्ही गाडीशी पोचलो होतो. गुरुजीही कानटोपी घालून आले.

भिंतीवर टांगलेल्या थर्मामीटरमध्ये पारा 11 वर होता.

स्टिअरिंगखाली एक सॉकेट असतं. त्यात अंगठ्याएवढं यंत्र लावलं की गाडीचा संगणक काय समजून बसलाय ते मोबाइलवर दिसतं. मी यंत्र लावलं आणि किल्ली फिरवली, पण सेल्फ मारला नाही. ही सगळ्यात महत्त्वाची पायरी आहे. इंजिन रात्रभर उभं होतं, म्हणजे लोखंड, पाणी, तेल, हवा, सगळं एकाच तापमानाला आलेलं असणार. दोन्ही सेन्सरांचे आकडे जुळलेच पाहिजेत. एकदा इंजिन चालू झालं की ही संधी गेली, मग पुढच्या पहाटेपर्यंत थांबा.

मोबाइल थोरलीच्या हातात होता. तिनं वाचलं, "आत येणारी हवा, 11 अंश." भिंतीवरच्या पाऱ्याशी जुळलं. "कूलंट, 37 अंश." ती थांबली. "आबा, हे कसं? रात्रभर थंडीत होतं की इंजिन."

तीच तर गोम होती. इंजिन गारठलेलं, आणि संगणक समजत होता की ते चांगलं कोमट आहे. म्हणून तो थंड इंजिनाला लागणारं जादा पेट्रोल देत नव्हता आणि फेरेही वाढवत नव्हता.

गुरुजी लगेच म्हणाले, "म्हणजे सेन्सर गेला. आजच नवा आणतो."

"थांबा गुरुजी," मी म्हटलं. "आधी त्याला विचारू."

हा सेन्सर म्हणजे धातूंच्या ऑक्साइडांपासून बनवलेला एक इवला मणी. साध्या तांब्याच्या तारेचा विजेला होणारा विरोध तापल्यावर थोडा वाढतो. या मण्याचं उलट आहे. तो अर्धवाहक आहे. थंडीत त्याच्यात वीज वाहून नेणारे इलेक्ट्रॉन थोडेच मोकळे असतात. उष्णता मिळाली की आणखी मोकळे होतात आणि विरोध झपाट्यानं उतरतो. या गाडीच्या सेन्सरचा विरोध 20 अंशांना अडीच हजार ओहम असतो, 80 अंशांना सव्वातीनशेच्या आत येतो. संगणक त्याच्यातून थोडी वीज सोडतो, विरोध किती ते बघतो आणि त्यावरून तापमान ठरवतो. पाण्याला तो स्वतः हात लावत नाही. वायरीच्या टोकाला त्याला जे दिसेल, तेच त्याला खरं.

मी सेन्सरवरचा कनेक्टर काढला आणि सेन्सरच्या दोन पिनांना मल्टिमीटर लावला. आकडा आला 3,600 ओहम. 20 अंशांना अडीच हजार, तर 11 अंशांना साडेतीन हजारांच्या पुढं हवाच. सेन्सर अगदी खरं सांगत होता!

"मग 37 कोण म्हणतंय?" धाकट्यानं विचारलं.

"आता मोबाइल बघ," मी थोरलीला म्हटलं. कनेक्टर काढला की संगणकाला वायरीच्या टोकाला काहीच लागत नाही. विरोध अफाट झाला म्हणजे थंडी अफाट, असं तो समजतो, आणि बहुतेक गाड्यांत अशा वेळी आकडा उणे 40 दिसतो. थोरलीनं वाचलं, "26 अंश."

कनेक्टर माझ्या हातात लोंबत होता, त्याला सेन्सर जोडलेला नव्हता, आणि तरी संगणक ठामपणे 26 अंश सांगत होता. म्हणजे सेन्सर नसतानाही कुठून तरी वीज वाहत होती.

मी कनेक्टर उलटा केला आणि बॅटरीचा झोत आत टाकला. दोन पिनांच्या खोबणींमध्ये हिरवट, ओलसर थर जमला होता. सेन्सरच्या बुडाचं वॉशर जुनं झालं होतं. तिथून कूलंट थेंबाथेंबानं पाझरून कनेक्टरमध्ये शिरलं होतं, पितळेच्या पिना गंजल्या होत्या, आणि त्यावर पहाटेची ओल. कूलंटमध्ये क्षार असतात, त्यातून वीज वाहते. दोन पिनांमध्ये सुमारे 2,000 ओहमची एक चोरवाट तयार झाली होती.

थोरलीला मी कागद-पेन्सिल दिली. "समांतर जोडणी शिकलीस ना? मांड बघू." तिनं मांडलं: 3,600 आणि 2,000 यांचा गुणाकार, भागिले त्यांची बेरीज. सुमारे 1,290. आणि सेन्सरच्या तक्त्यात 1,290 ओहम म्हणजे 37 अंश. तिनं मान वर केली तेव्हा डोळे असे चमकले की थंडी विसरली.

"आता दुसरं गणित," मी म्हटलं. "गाडी तापली, पाणी 85 अंशांवर गेलं, सेन्सरचा विरोध 270 झाला. चोरवाट तीच, 2,000ची. आता किती?" तिनं मांडलं: 238. म्हणजे संगणकाला 85च्या जागी 90 अंश वाटणार. चालत्या इंजिनात चार-पाच अंशांच्या फरकाला कोण विचारतो!

हे कसं होतं ते आपल्या पाटावर बघा. बांधाला खेकड्यानं बीळ पाडलंय. आवर्तन संपत आलेलं, पाटात पाणी बोटभर. अशा वेळी निम्म्याहून जास्त पाणी बिळातूनच पळतं आणि वाफा कोरडा राहतो. तेच बीळ असताना पाट तुडुंब वाहू लागला, तर बिळातून जाणारं पाणी कुणाच्या लक्षातही येत नाही. थंड सेन्सरमधून वीज बोटभर वाहते, गरम सेन्सरमधून तुडुंब. बीळ दोन्ही वेळा असतं. वर आणखी एक गंमत: इंजिन तापलं की कनेक्टरमधली ओल सुकते आणि बीळ आपोआप आक्रसतं.

बिघाड लपवणारं आणखी एक कारण आहे. धुराच्या नळीत एक तिसरा सेन्सर असतो, ऑक्सिजनचा. जळून बाहेर आलेल्या धुरात ऑक्सिजन उरलाय का, ते तो बघतो. उरला असेल तर मिश्रण पातळ होतं, नसेल तर दाट. त्याप्रमाणे संगणक आपला हिशोब सतत सुधारतो. 1976मध्ये स्वीडनच्या व्होल्वो गाड्यांत तो पहिल्यांदा बसला, आणि त्यामुळे मोटारींचा धूर पुष्कळ स्वच्छ झाला. पण त्यातला झिर्कोनियाचा तुकडा 300 अंशांच्या आसपास तापल्याशिवाय कामाला लागत नाही. तोवर संगणक निव्वळ ठरवून दिलेल्या तक्त्यावर चालतो, म्हणजे अंदाजपंचे. एकदा ऑक्सिजन सेन्सर जागा झाला की बारीकसारीक चुका तो सांभाळून घेतो. ज्या चुका सांभाळून घेतल्या जातात, त्या गॅरेजमध्ये दिसत नाहीत.

गुरुजींनी विचारलं, "पण आबा, बऱ्याच दिवसांपासून हे पाझरत असेल. मग याच हिवाळ्यात एवढं का जाणवलं?"

पक्कं उत्तर एकच असेल असं नाही, पण एक धागा आपल्या उसापर्यंत जातो. आपल्याकडचा ऊस विघ्नहर साखर कारखान्याला जातो, आंबेगावचा भीमाशंकर कारखान्याला. साखर काढून राहिलेल्या मळीपासून अल्कोहोल बनवता येतं, आणि उसापासूनचं, धान्यापासूनचं असं इथेनॉल आता आपल्या देशात पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत मिसळतात. इथेनॉलच्या रेणूत स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे त्याला जळायला हवा कमी लागते. 1 किलोला सुमारे 9 किलो. म्हणजे तेवढ्याच हवेला ते थोडं जास्त घालावं लागतं. शिवाय त्याची वाफ करायला पेट्रोलच्या जवळजवळ अडीचपट उष्णता लागते. ब्राझीलमध्ये पूर्ण अल्कोहोलवर चालणाऱ्या गाड्यांना याच कारणानं पेट्रोलची एक छोटी टाकी वेगळी ठेवत, फक्त थंड सकाळी चालू करण्यासाठी. नव्या गाड्यांचे तक्ते हे सगळं धरून बनवलेले असतात. जुन्या गाडीचा तक्ता जुन्या पेट्रोलचा. तापल्यावर ऑक्सिजन सेन्सर फरक भरून काढतो, थंड असताना मिश्रण जरा पातळच राहतं. एरवी इंजिनानं ते निभावून नेलं असतं. त्यात 11ला 37 समजण्याची भर पडली आणि इंजिनाला झेपेना.

आता दुरुस्ती. ती सांगायला वेळ लागत नाही. बॅटरीची एक वायर काढली, कनेक्टर कॉन्टॅक्ट क्लीनरनं धुतला, मऊ ब्रशनं पिना घासल्या, आणि सगळं कोरडं होऊ दिलं. बॅटरीची वायर परत लावून पुन्हा किल्ली फिरवली. कनेक्टर अजून सेन्सरला लावला नव्हता. थोरली ओरडली, "उणे 40!" धाकट्यानं गोधडी आणखी घट्ट ओढून घेतली. चोरवाट बंद झाली होती. मग सेन्सर उघडून नवं वॉशर घातलं. त्या घाईत पडलेलं थोडं कूलंट भरून घेतलं, सेन्सर बसवला आणि कनेक्टरचं रबरी सील बदलून तो लावला. मोबाइलवर हवा 12, कूलंट 12. एव्हाना ऊन डोंगराआडून वर आलं होतं, आणि भिंतीवरचा पाराही 12वर सरकला होता.

"मारा सेल्फ," मी गुरुजींना म्हटलं.

इंजिन एका दमात उठलं आणि मिनिटाला दीड हजार फेऱ्यांच्या आसपास गुणगुणत राहिलं. गुरुजी घाबरून म्हणाले, "रेस जास्त झाली का?" नाही. थंडीत तेल घट्ट असतं, त्यातून सगळे भाग ओढायला जोर लागतो, म्हणून गार इंजिन जरा वेगानंच फिरलं पाहिजे. इतके दिवस संगणक त्याला कोमट समजून हा वेग देत नव्हता. मोबाइलवर कूलंटचा आकडा 20, 30, 40 असा चढत गेला, तसे फेरे आपोआप उतरत गेले आणि आठशेच्या आसपास येऊन ठरले. बोनेटवर ठेवलेली धाकट्याची गोटी जागची हलली नाही. रबरी पाइपांवर मी पुन्हा एकदा कान फिरवला. तो संशयितही निर्दोष सुटला.

"सेन्सर तरी बदलून टाकू का?" गुरुजींनी जाता जाता विचारलं. मी म्हटलं, "कशाला? सगळ्यांत खरं तोच बोलत होता."

आता तुमच्यापैकी कोणाच्या घरी सकाळची गाडी अशी थरथरू लागली, तर घरच्यांना एवढंच सांगा. आधी काही विकत आणू नका. गाडी रात्रभर उभी राहू द्या. सकाळी किल्ली फिरवा, सेल्फ मारू नका आणि हवेचा आणि पाण्याचा आकडा ताडून बघा. जुळले तर ठिणगी, चोरटी हवा आणि हवेच्या वाटेतली काजळी, या वाटेनं शोध घ्या. जुळले नाहीत तर सेन्सर बदलायच्या आधी त्याच्या वायरी बघा. आणि बंद जागेत इंजिन चालू ठेवू नका, गाडी मोकळ्या हवेत घ्या, कारण थंड इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड जास्त असतो. त्याला वास नसतो, पण तो जीव घेतो.

गुरुजींनी ही सगळी हकीकत फाट्यावरच्या मिस्त्रीला सांगितली. मिस्त्री हुशार माणूस. आता कोणी 'सकाळी मिसिंग, दुपारी ठीक' अशी तक्रार घेऊन आलं की तो बोनेटही उघडत नाही. म्हणतो, "गाडी संध्याकाळी ठेवून जा. उद्या उजाडताना बघतो."